पिंप हलणार नाही

"परत फेसच!"

ईशितानं ग्लास उजेडाकडे धरला. तळाला दोन बोटं बिअर आणि त्यावर काठोकाठ फेस. काठावरून ओघळून तो तिच्या मनगटावर आला होता आणि मनगटावरून कोपरापर्यंत पोचला होता. सकाळपासूनचा हा अकरावा ग्लास.

"आई, हा बिअर नाहीये. हा शेव्हिंग क्रीम आहे."

"ओत बादलीत. आणि आकडे लिही," मीनाक्षी म्हणाली. ती फ्रिजसमोर उलट्या क्रेटवर बसली होती आणि पाढा चुकलेल्या पोराकडे मास्तरांनी बघावं तशी नळाकडे बघत होती.

ईशितानं ग्लास बादलीत ओतला. बादलीतही फेसच. वहीत लिहिलं: ग्लास अकरावा, तापमान चार, दाब दहा, निकाल. 'निकाल'पुढं तिनं एक इंग्रजी शब्द लिहिला आणि आईनं वाचायच्या आत खोडला.

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या लोअर अर्ली भागातल्या त्या अठरा घरांच्या गल्लीत एकाही गॅरेजमध्ये गाडी राहत नाही. कुणाच्या गॅरेजमध्ये न वापरलेली ट्रेडमिल असते, कुणाच्या गॅरेजमध्ये वारलेल्या आईचं फर्निचर. मीनाक्षीच्या गॅरेजमध्ये बिअर बनते. एक सेकंडहँड फ्रिज, त्याच्या पोटात एकोणीस लिटरचं स्टीलचं पिंप, शेजारी गॅसचा छोटा सिलिंडर, आणि पिंपातून नळीनं निघून फ्रिजच्या दारातून बाहेर डोकावणारा काळ्या दांड्याचा नळ. पिंपाला सगळं जग केग म्हणतं, मीनाक्षी पिंपच म्हणते. दाराला भोक तिनं स्वतः ड्रिल लावून पाडलं होतं. त्या दिवशी ईशिताचा बाबा, विनय, ऑफिसातून आला, भोकाकडं बघितलं, आणि तसाच पायरीवर बसून राहिला.

विनय स्वतः थेंबभर पीत नाही. पुण्याला आईशी व्हिडिओ कॉल चालू असताना मागून 'फस्स' असा आवाज आला, की तो शांतपणे सांगतो, "मीनाक्षी आंबील करतेय." मागच्या रविवारी आजीनं तिकडून निरोपही धाडला, "तिला म्हणावं, वरून ताक घाल, आणि जिऱ्याची पूड."

तर ही आंबील म्हणजे गव्हाची बिअर. त्यात भरड कुटलेले धणे आणि उन्हात वाळवलेली संत्र्याची साल. मीनाक्षी अमरावतीची, संत्र्याच्या बाबतीत तिला कुणी काही शिकवायला जायचं नाही. बिअर झाली होती फक्कड, असं ती स्वतः म्हणत होती, आणि ती स्वतःच्या कुठल्याच गोष्टीला सहसा फक्कड म्हणत नसे. ईशिता सोळा वर्षांची, त्यामुळे तिला चाखायची परवानगी नव्हती. अकरा ग्लास धरायची, कोपरापर्यंत भिजायची आणि बादली उचलायची मात्र होती. या अन्यायाबद्दल तिनं सकाळपासून तीनदा तोंड उघडलं होतं आणि तिन्ही वेळा आईनं "ग्लास धर," एवढंच उत्तर दिलं होतं.

दुपारी दोनला गल्लीची पार्टी होती. वर्षातून एकदा कौन्सिलची परवानगी काढून रस्ता बंद करतात, या खांबापासून त्या खांबापर्यंत पताका लावतात आणि सगळे आपापल्या खुर्च्या बाहेर आणतात. आत्ता सव्वाअकरा वाजले होते. बाहेर एकतीस डिग्री ऊन, आणि आत हा फेस.

आता कुणी म्हणेल, आला फेस तर आला, त्यात एवढं काय? थोडं थांबायचं, बसेल खाली. पण गेल्या वर्षी नेमकं तेच झालं होतं, आणि त्याचा राग ईशितानं वर्षभर लोणच्यासारखा मुरवला होता.

गेल्या वर्षी याच पार्टीला मीनाक्षीनं पहिल्यांदा बिअर दिली. पेयांचं टेबल ग्रॅहमच्या तंबूत असतं. ग्रॅहम म्हणजे चौदा नंबरचा, रिटायर झालेला, गल्लीच्या कमिटीचा अध्यक्ष, आणि तीस वर्षं घरी बिअर बनवणारा. पिंप बागेतल्या एकचाकी गाडीवर घालून त्याच्या तंबूत नेलं, ते वाटेतल्या स्पीडब्रेकरवरून धडाम्-धुडूम्. एवढं घुसळल्यावर आणखी काय होणार? अर्धा तास नुसता फेस. रांग वाढत चालली, मीनाक्षीचे कान लाल झाले, आणि मग ग्रॅहम पुढं आला. "मला दे, लव्ह. याला जरा हात बसावा लागतो," म्हणाला (इथं कुठल्याही बाईला सहज 'लव्ह' म्हणतात, आपल्याकडच्या 'बाळा'सारखं), आणि अलगद तिच्या हातातून नळ घेतला. तोवर पिंप तसंही निवलं होतं. बिअर छान यायला लागली. संध्याकाळपर्यंत ग्रॅहम ओतत होता आणि लोक "चिअर्स, ग्रॅहम" म्हणत पीत होते. रात्री गल्लीच्या ग्रुपवर फोटो आला: ग्रॅहमची मस्त ऑरेंज बिअर.

आणि आईनं त्या मेसेजला अंगठा दिला. अंगठा! ईशिताला आजही ते आठवलं की दातओठ खावेसे वाटत.

बरं, ग्रॅहम वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. पण हा आपला बर्फ पडला की अठराही घरांसमोरचा फुटपाथ साफ करणार, कुणाचं मांजर हरवलं की टॉर्च घेऊन हिंडणार. अशा माणसावर रागावायचं म्हणजे उशीवर बुक्के मारल्यासारखं.

या वर्षी मीनाक्षीनं मे महिन्यातच ठरवलं होतं. पिंप गॅरेजमधून हलणार नाही. ज्याला हवी तो इथं येईल, आणि ओतणार मी. घरात ती असं काही बोलली की विनय आणि ईशिता एकमेकांकडं बघतात, कारण ती सहसा असं बोलत नाही. ती ईशिताच्याच शाळेत सायन्स टेक्निशियन आहे. वर्गात प्रयोग व्हायचे असतात त्याच्या आदल्या दिवशी ती द्रावणं बनवते, तारा जोडते, बत्तीस ट्रे भरते. मग वर्गात सर निळी ज्योत हिरवी करून दाखवतात आणि पोरं "वॉव" करतात. सर म्हणतात, "टेक्निशियन्सनी तयारी करून ठेवलीय." टेक्निशियन्स, अनेकवचनात. होती एकटी आईच. वॉव संपलं की बत्तीस ट्रे परत तिच्याकडे, धुवायला.

"आई, प्रेशर अजून कमी कर," ईशिता म्हणाली.

"ते आठव्या ग्लासला केलं. दाब फार उतरवला की बिअरमधला गॅस नळीतच सुटतो, उलट फेस वाढतो. नववा बघ, काय लिहिलंस?"

ईशितानं बघितलं. नवव्यापुढं तिनं एक ढग काढला होता.

विनय आतल्या दारातून डोकावला. त्याच्या हातात फोन होता, आणि चेहऱ्यावर तो भाव, जो आला की घरातले सगळे कामाला लागल्याचं नाटक करतात.

"अगं, फोरमवर लिहिलंय, की नळी लांब हवी."

"काल एक मीटरची काढून तीन मीटरची लावली."

"मग गार हवी."

"नळी फ्रिजमध्येच आहे. पिंपाभोवती गुंडाळलीय."

"मग ग्लास?"

"गार पाण्यातून काढलेत."

"नळ अस्वच्छ असेल."

"विनय, मी नळ सकाळी सहाला खोलून ब्रशनं घासलाय. पेशंटच्या शिरेत घालता येईल इतका स्वच्छ आहे."

विनय सॉफ्टवेअर टेस्टर. त्यानं मान हलवली. "म्हणजे बग रिप्रोड्यूस होतोय. चांगलंच आहे ते. जो रिप्रोड्यूस होतो तो सापडतो."

"बाबा, प्लीज जा," ईशिता म्हणाली.

"तसं नसतं ते, ईशू. पद्धतशीर एक एक गोष्ट बदलत—"

"आम्ही तोच करतोय! सकाळपासून! माझी ड्रेस बघ!"

"माझा ड्रेस," विनय म्हणाला, आणि व्याकरण दुरुस्त केल्याच्या समाधानात आत गेला.

बारावा ग्लास. मीनाक्षीनं एका हातात ग्लास तिरपा धरला, दुसऱ्या हातानं काळा दांडा जपून, हळूच, सुईत दोरा ओवावा तसा पुढं ओढला. नळाला हात फक्त तिचा, हा नियम होता. ईशितानं ग्लास पुरवायचे आणि लिहायचं. नळातून सणसणत पांढरी धार आली आणि ग्लासात पडल्या-पडल्या फुगली. पुरी फुगावी तशी. मीनाक्षीनं दांडा मागं लोटला आणि डोळे मिटले.

"आई."

"बोलू नको एक मिनिट."

साडेबाराला दारात सावली पडली. ग्रॅहम. डोक्यावर सुती टोपी, पायात मोजे आणि सँडल, हातात सामान वाहायची दोन चाकांची ढकलगाडी. टोपीला त्यानं छोटी पताका खोचली होती.

"गुड आफ्टरनून, लेडीज! चला, आणलं मी वाहन."

ईशितानं आईकडं बघितलं. आईनं हात पुसले. पुसून झाल्यावर परत पुसले.

"ग्रॅहम," ती म्हणाली, "द केग इज नॉट मूव्हिंग."

आवाज एवढासा निघाला होता, पण निघाला होता.

"नॉट मूव्हिंग?" ग्रॅहमनं फ्रिजकडं बघितलं. त्याला वाटलं, पिंप कुठंतरी अडकलंय. "मी उचलू लागतो ना."

"नाही. म्हणजे, मी हलवणार नाहीये. मी इथूनच देणार. लोक इथं येतील."

"पण पेयं सगळी तंबूत असतात, लव्ह." तो रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. सूर्य पश्चिमेला उगवणार म्हटल्यावर माणूस जसा गोंधळेल, तसा तो गोंधळला होता. मग त्याची नजर बादलीवर गेली. फेस बादलीच्या काठावर येऊन बसला होता, जणू तोही गप्पा ऐकायला आला होता. "अजून त्रास देतेय का?"

मीनाक्षीनं बादली पायानं मागं सरकवली.

"हे बघ, आपण असं करू," ग्रॅहम अगदी मऊ आवाजात म्हणाला. "मी दोनला येतो. तोवर नीट झालं तर उत्तमच. नाही झालं, तर हळूच माझ्याकडं नेऊ, आणि मी सांभाळून घेईन. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तीस वर्षांपूर्वी मीही शिकलोच."

"थँक यू, ग्रॅहम," मीनाक्षी म्हणाली.

ढकलगाडी त्यानं जाताना दाराशीच उभी करून ठेवली. सोय म्हणून.

ईशितानं तो ड्राइव्हवेवरून उतरेपर्यंत कसाबसा दम धरला. मग ती फुटलीच.

"थँक यू? थँक यू कशाला? त्यानं काय दिली तुला? आई, तो तुला म्हणाला, लाज वाटू नको! तू मायक्रोबायोलॉजीची मास्टर्स आहेस! त्याला यीस्ट काय असतं ते तरी माहितीये का!"

"माहितीये. आणि हळू बोल. त्यांच्या खिडक्या उघड्या आहेत."

"बोलू दे! ऐकू दे! तू नेहमी अशीच करतेस. शाळेत पण. सायन्सचा मि. हॅलेट तुझं प्रॅक्टिकल स्वतःचा सांगतो आणि तू मागं उभी राहून स्माइल करतेस."

"मग काय करू? टेबलावर चढून नाचू?"

"हो! एकदा नाच ना!"

बाहेर कुणीतरी पताका बांधायला शिडी ओढत नेत होतं, त्याचा खरखर आवाज आला. मीनाक्षी खाली बघत म्हणाली, "दोनपर्यंत झालं नाही, तर पिंप जाईल तिकडं. मी शब्द दिलाय."

"तू शब्द दिला नाहीस, तू थँक यू दिला!"

"एकच झालं."

ईशिताला रडू येत होतं, आणि रागात रडू येणं ही तिला जगातली सगळ्यात चिडवणारी गोष्ट वाटायची. तिनं टेबलावरचा तेरावा ग्लास उचलला, नळाखाली धरला आणि नियम-बियम गुंडाळून ठेवून दांड्याला हात घातला.

"ए, काय करून राहिली तू?" रागावली की मीनाक्षीची अमरावती बाहेर यायची. "बारीक! बारीक सोड नं!"

"नाही सोडणार बारीक!"

तिनं दांडा खाड्कन शेवटपर्यंत ओढला.

सणसण झाली नाही. काहीच आवाज झाला नाही. नळातून जाड, गप्प, फिकट सोनेरी धार आली आणि ग्लासाच्या भिंतीवरून खाली सरकत गेली. चार-पाच सेकंदांत ग्लास भरला. ईशितानं घाबरून दांडा मागं लोटला. वर बरोबर एक बोट फेस होता, साईसारखा. खाली बिअर, संत्र्याच्या फिकट फोडीच्या रंगाची.

दोघी त्या ग्लासाकडं बघत राहिल्या.

"मी काय केलं?" ईशितानं विचारलं.

मीनाक्षी उठली, तिनं दुसरा ग्लास घेतला, नळाखाली धरला, आणि नेहमीसारखा दांडा जपून, हळूच, अर्ध्यावर आणला. फेस. ग्लास बाजूला ठेवला, नवा घेतला आणि म्हणाली, "आता तू." ईशितानं खाड्कन ओढला. बिअर.

"अरे देवा," मीनाक्षी क्रेटवर बसली. "अरे देवा रे देवा."

"काय? आई, काय?"

"अर्धवट उघडला की आत एवढीशी फट राहते. एवढी बिअर त्या फटीतून घुसमटत निघते, आणि तिथंच सगळा गॅस सुटतो. पूर्ण उघडला की ती सरळ येते. इतकं सोपं आहे गं! नळीची लांबी काढली, दाब काढला, तापमान काढलं. वही भरली. आणि हाताकडं बघितलंच नाही."

"पण तू अर्धा का उघडत होतीस?"

मीनाक्षीनं स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं. दुसऱ्या कुणाचा तरी हात चुकून आपल्याकडं आलाय, अशा नजरेनं.

"आमच्याकडं नळ एक दिवसाआड यायचा," ती म्हणाली. "पहाटे साडेचारला, पाऊण तास. सगळ्या गल्लीला एकच लाइन. आपण नळ पूर्ण सोडला की पुढच्या शिरभातेकाकूंकडं थेंब जायचा नाही. त्या खिडकीतून ओरडायच्या. म्हणून आई सांगायची, बारीक सोड. मी चौथीत असल्यापासून पाणी भरायचे. बारीक सोडायचा, आणि घागर भरेपर्यंत तिथंच बसून राहायचं."

"आणि तू मला दात घासताना ओरडतेस. बारीक सोड, बारीक सोड."

"हो."

"म्हणजे सगळा प्रॉब्लेम तुझा मनगट होता!"

"तुझं मनगट," आतून विनयचा आवाज आला.

मीनाक्षी हसली. खूप वेळ हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पदर नसलेल्या टी-शर्टच्या बाहीनं डोळे पुसून उभी राहिली. "चल. वाजले किती?"

एक वाजून दहा मिनिटं. आता काम सोपं होतं, म्हणजे असं ईशिताला वाटलं. नुसता दांडा शेवटपर्यंत ओढायचा! पण आईचा हात ऐकेना. गॅस आणि पिंपाची नळी बंद करून त्यांनी कोरडा सराव सुरू केला. ईशिता रिकामा ग्लास धरायची, म्हणायची "पूल!", म्हणजे ओढ, आणि मीनाक्षीचा हात निघायचा तो बरोबर मध्यावर येऊन थबकायचा.

"आई, पूर्ण."

"केला की पूर्ण."

"हे पूर्ण नाहीये. हे हाफ आहे."

"मला पूर्णच वाटला."

"पूल!"

परत अर्धा. ईशितानं कपाळाला हात लावला. इतकी हुशार बाई, आणि एक दांडा ओढता येत नाही! एका वेळी तर तिनं आईचा हात हातात धरून तो शेवटपर्यंत नेला, लहान मुलाला 'ग' गिरवायला लावतात तसा. आईचा हात गार होता आणि त्याला धण्यांचा वास येत होता. विसाव्या की बाविसाव्या वेळेला तो हात न थांबता शेवटपर्यंत गेला, आणि मीनाक्षी दचकली, जिन्यात एक पायरी कमी निघाल्यासारखी.

दोन वाजायला पाच मिनिटं असताना ग्रॅहम आला. त्याच्यामागं दोन-तीन शेजारी होते, आणि त्याची बायको शीला, जिच्या नावामुळं विनयच्या आईला अजून वाटतं, की चौदा नंबरात मराठी माणसं राहतात. ग्रॅहमनं ढकलगाडीचा दांडा धरला.

"काय मग? नेऊ या?"

ईशिता पुढं झाली. मीनाक्षीनं तिच्या खांद्याला हात लावून तिला बाजूला केलं. "तू जा. बाबांकडं खुर्च्या राहिल्यात."

"पण आई, तुझा हात—"

"जा."

ईशिता ड्राइव्हवेच्या टोकापर्यंतच गेली. खुर्च्या गेल्या उडत.

मीनाक्षीनं ग्लास घेतला. तिरपा धरला. दुसरा हात दांड्यावर ठेवला, आणि तिथं तो थांबला. एक सेकंद, दोन सेकंद. ग्रॅहमनं ढकलगाडी सोडून एक पाऊल पुढं टाकलं. त्याचा हात मदतीला वर येत होता. तो काही विचार करून येत नव्हता, असे हात आपोआप येतात. "मला दे, लव्ह," तो म्हणाला.

"नो," मीनाक्षी म्हणाली. यावेळी आवाज नीट निघाला. "जरा मागं उभा राहा, ग्रॅहम. उडेल अंगावर."

आणि तिनं दांडा ओढला. शेवटपर्यंत.

ईशिताला तिथून ग्लास दिसत नव्हता. तिला फक्त आईची पाठ दिसत होती, आणि ग्रॅहमचा चेहरा. ग्रॅहमच्या भुवया टोपीखाली गेल्या. मग त्यानं ग्लास घेतला, उन्हात धरला, घोट घेतला, आणि मिशीला लागलेला फेस न पुसताच म्हणाला, "वेल, आय नेव्हर." म्हणजे, कमालच झाली!

पुढचे दोन तास गॅरेजसमोर रांग होती. तंबूतले लोक आधी गोंधळले, मग वास काढत इकडं आले. ढकलगाडी मधेच होती, तिच्यावर कुणीतरी चिप्सची वाटी ठेवली. मीनाक्षी ओतत होती. मधेच एखाद्या वेळी हात अर्ध्यात थांबायचा, फेस यायचा. तेव्हा ती "सॉरी" न म्हणता तो ग्लास बादलीत रिकामा करून दुसरा भरायची. ईशितानं मोजलं. तीनदा. बास.

एका नव्या शेजाऱ्यानं ग्लास घेताना विनयकडं बघून विचारलं, "तुम्ही बनवता?"

"छे!" विनय घाईघाईनं म्हणाला. "मी फक्त पायरीवर बसतो."

शीलानं दुसऱ्यांदा ग्लास पुढं केला तेव्हा रांग जरा ओसरली होती. "कुठं शिकलीस गं हे?" तिनं विचारलं.

ईशिता ओठांतल्या ओठांत म्हणाली, यूट्यूब. कारण आई नेहमी तेच सांगायची. हसून, मान तिरकी करून, "ओह, यूट्यूब."

"युनिव्हर्सिटीत," मीनाक्षी म्हणाली. "फर्मेंटेशन माझा विषय होता. मला ब्रुअरीत नोकरी लागली होती. मोठ्या. इसवी सन दोन हजार."

ईशिताच्या हातातला सरबताचा ग्लास तसाच राहिला. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं बाबाकडं बघितलं. बाबा चिप्सच्या वाटीकडं बघत होता.

"मग? किती वर्षं केलीस?"

"गेलेच नाही. वडलांनी त्यांना पत्र पाठवलं, मुलीची तब्येत बरी नसते म्हणून."

"अरेरे. आजारी होतीस?"

"नाही," मीनाक्षी म्हणाली. ग्लास भरत आला होता, तिकडं तिचं सगळं लक्ष होतं. "मी एकदम ठणठणीत होते." तिनं दांडा मागं लोटला आणि ग्लास शीलाच्या हातात दिला.

साडेचारला नळानं दोनदा ठसका दिला, थोडी हवा सोडली, आणि पिंप संपलं. मीनाक्षीनं गॅस बंद केला, नळ पुसला, वही बंद करून फ्रिजवर ठेवली. मग ती उन्हात आली, विनयनं मांडलेल्या घडीच्या खुर्चीत बसली, आणि चपला काढून पाय लांब केले.

रस्त्यातल्या टेबलांवर ग्लासच ग्लास झाले होते. मुलांची बटाट्याच्या पोत्यांची शर्यत चालली होती, आणि पोतं कमी पडलं म्हणून एक मुलगा उशीच्या अभ्र्यात उड्या मारत होता. ईशिता सवयीनं उठली आणि दोन्ही हातांत तीन-तीन ग्लास उचलले.

"ठेव ते," मीनाक्षी म्हणाली. "बस गं."

"मग धुणार कोण?"

"बस म्हटलं ना."

ईशिता आईच्या खुर्चीशेजारी डांबरावर बसली. डांबर गरम होतं. तिला आईला शंभर प्रश्न विचारायचे होते, कोणती ब्रुअरी, कुठं, आजोबांना तू काहीच कशी बोलली नाहीस, आणि त्यातला एकही तिला नीट मराठीत जुळवता येईना. आईनं डोळे मिटले होते.

समोर तंबूत ग्रॅहमनं पिवळे हातमोजे चढवले होते. टबात पाणी भरलं होतं, शेजारी ग्लासांचा ढीग होता. त्यानं हिरव्या साबणाची बाटली उलटी केली आणि टबात चांगला दोनदा पिळली.

मीनाक्षीनं डोळे उघडले.

"ग्रॅहम!" ती तिथूनच म्हणाली. खुर्चीतून उठली नाही, पायही आवरले नाहीत. "साबण नको. काचेला साबण राहिला, की पुढच्या वेळी फेस धरत नाही. नुसतं गरम पाणी."

ग्रॅहमचे हात तसेच राहिले. त्यानं टबाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"राइटो," तो म्हणाला.

त्यानं टब दोन्ही हातांनी उचलला, गवतावर नेऊन पालथा केला, आणि गरम पाणी आणायला आपल्या घराकडं चालू लागला.